स्थानिक वस्तूंची खरेदी : फायदा नेमका कुठे होतो?

धागाकर्ता : ताळमेळ

स्थानिक पातळीवर तयार झालेल्या वस्तू विकत घ्या, हे आवाहन आपण सगळेच वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. ते बहुतेक वेळा आपुलकीच्या किंवा अभिमानाच्या भाषेत केलेले असते. त्यामुळे ऐकणारा मान डोलावतो आणि खरेदीच्या वेळी मात्र जे स्वस्त व चटकन मिळेल ते घेऊन मोकळा होतो. आपुलकीला माझा विरोध मुळीच नाही. मात्र या आवाहनामागे आर्थिक आणि पर्यावरणीय असा भक्कम आधार आहे, आणि तो नीट मांडला तर कोणती वस्तू आग्रहाने जवळची घ्यावी व कोणत्या वस्तूबाबत तो आग्रह सोडून द्यावा, हेही स्पष्ट होते. त्या दृष्टीने या धाग्यात चर्चा व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात पैशापासून करतो. एखाद्या परिसरात खर्च झालेला रुपया तिथेच किती वेळा फिरतो, यावर त्या परिसराची बरकत अवलंबून असते. अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये रोजगाराच्या संदर्भात ही कल्पना मांडली आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी ती पुढे नेली. हिशेब सोपा आहे. समजा, परिसरात आलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी ६० रुपये पुन्हा त्याच परिसरात खर्च होतात. मग १०० नंतर ६०, त्यानंतर ३६, त्यानंतर २१ रुपये ६० पैसे अशी ही साखळी चालू राहते आणि एकूण उलाढाल २५० रुपयांपर्यंत जाते. तेच परत खर्च होणारे प्रमाण २० रुपयांवर आले, तर एकूण उलाढाल १२५ रुपयांवर थांबते. पहिली खरेदी दोन्हीकडे सारखीच होती, पण बाहेर जाणारी गळती वेगळी असल्यामुळे निकाल दुपटीने बदलला.

ही गळती कुठून होते, ते पाहण्यासारखे आहे. वस्तू परिसरातच तयार झाली असेल, तर तिच्या किमतीतून कारागिराची मजुरी, कार्यशाळेचे भाडे, हत्यारे दुरुस्त करणाऱ्याचे पैसे, हिशेब लिहिणाऱ्याचा पगार आणि स्थानिक कर असे अनेक झरे फुटतात. तीच वस्तू दुरून आली, तर परिसरात उरतो तो फक्त विक्रेत्याचा नफा आणि माल पोहोचवणाऱ्याची मजुरी. ती वस्तू थेट घरपोच मागवली, तर विक्रेत्याचा वाटाही जातो.

पण मला याहून महत्त्वाचा वाटतो तो कौशल्याचा मुद्दा, कारण पैसा एकदा गेला तरी परत येऊ शकतो, कौशल्य मात्र एका पिढीत मोडले की ते पुन्हा उभे करणे फार अवघड असते. जपानमधील सायकलींचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे सायकली परदेशातून येऊ लागल्या. त्या मोडल्या की दुरुस्त करणारी छोटी दुकाने निघाली. परदेशातून सुटे भाग मागवणे महाग पडत असल्यामुळे या दुकानदारांनी एकेक भाग स्वतः बनवायला सुरुवात केली. कोणी एकच भाग बनवण्यात तरबेज झाला, कोणी दुसरा, आणि अशा अनेक दुकानांचे काम एकत्र जोडून पूर्ण सायकल तयार होऊ लागली. दुरुस्तीच्या कामातून एक अख्खा उद्योग उभा राहिला. जिथे दुरुस्तीच होत नाही, तिथे अशी वाट फुटण्याची शक्यताच संपते.

आता पर्यावरणाकडे वळतो. इथे लोकांचा सर्वसाधारण समज असा असतो की वस्तू जितकी दुरून आली तितका तिच्यामुळे होणारा धूर अधिक. हे अर्धेच खरे आहे. एक टन माल एक किलोमीटर नेण्यासाठी मोठ्या मालवाहू जहाजातून साधारण १० ते २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ट्रकमधून साधारण ६० ते १५० ग्रॅम आणि विमानातून ५०० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक. याचा अर्थ असा की समुद्रमार्गे १०,००० किलोमीटर आलेला माल आणि एकाच देशात ट्रकने १,५०० किलोमीटर आलेला माल यांचे वाहतुकीचे उत्सर्जन जवळपास सारखे, म्हणजे टनामागे १५० किलोच्या आसपास असू शकते. देशाची सीमा आणि वस्तूचा पर्यावरणावरचा भार यांचा थेट संबंध लावता येत नाही. त्यामुळे स्थानिक म्हणताना आपण स्वतःच्या देशातील असे म्हणत नसून खरोखर जवळच्या परिसरातील असे म्हणत आहोत, हे आधी ठरवून घेतले पाहिजे.

मग पर्यावरणाचा फायदा होतो कुठे? माझ्या मते तो तीन ठिकाणी होतो. वजनाने जड आणि मोलाने हलक्या वस्तू जवळून घेतल्या की वाहतुकीची खरी बचत होते. विटा, खडी, वाळू, सिमेंट हे मुळातच फार दूर नेणे परवडत नाही, त्यात शहाणपण आहे. दुसरे म्हणजे, वस्तू बनवणारा हाताशी असला तर ती दुरुस्त होते, तिचे वेष्टन परत जाते आणि तिचे आयुष्य वाढते. तिसरे म्हणजे, ती बनवताना होणारे प्रदूषण विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होते. यातला शेवटचा मुद्दा सहसा कोणी मांडत नाही, म्हणून त्यावर दोन शब्द अधिक लिहितो.

जगातील हवामानविषयक हिशेबात उत्सर्जन हे वस्तू जिथे तयार होते त्या देशाच्या खात्यावर लिहिले जाते. आंतरराष्ट्रीय जहाजे आणि विमाने यांच्या इंधनाची नोंद तर कोणत्याच देशाच्या एकूण बेरजेत धरली जात नाही, ती वेगळी दाखवली जाते. त्यामुळे एखाद्या देशाने आपले कारखाने बंद करून तोच माल बाहेरून आणायला सुरुवात केली, की कागदावर त्याचे उत्सर्जन घटते, प्रत्यक्षात धूर फक्त दुसरीकडे निघू लागतो. प्रदूषणाचेही तसेच आहे. कापड रंगवणाऱ्या कारखान्याने नदीत सोडलेले रंगाचे पाणी तिथे राहणाऱ्यांनाच दिसते. कापड घालणाऱ्याला ते दिसले असते, तर त्याने नक्की तक्रार केली असती. वस्तू जवळ तयार होते तेव्हा तिचा त्रासही जवळच होतो, आणि मला हा स्थानिक उत्पादनाचा दोष वाटत नाही. कायदा पाळला जावा यासाठी आग्रह धरणारी माणसे त्या त्रासामुळेच उभी राहतात.

जाणकारांनी आपली मते सविस्तर मांडावीत, ही विनंती.


प्रतिसाद : जमाखर्च

लेखाची मांडणी आवडली, पण दोन आक्षेप नोंदवतो.

पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्येच इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन यांचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते, की एखादा देश दोन्ही वस्तू दुसऱ्यापेक्षा कमी श्रमात बनवू शकत असला, तरीही दोघांनी आपापल्या तौलनिक बलस्थानाची, म्हणजे दुसऱ्या वस्तूवर त्यातल्या त्यात कमी पाणी सोडून बनवता येईल अशी वस्तू बनवून अदलाबदल केली तर दोघांचाही लाभ होतो. प्रत्येक परिसराने सगळेच स्वतः बनवायचे ठरवले, तर प्रत्येक वस्तू महाग होईल आणि त्याची झळ सर्वांत आधी गरिबांना बसेल. गुणकाच्या हिशेबात बाहेर गेलेल्या पैशाला आपण गळती म्हणता, पण तोच पैसा दुसऱ्या परिसराची मिळकत असतो आणि त्यातूनच ते लोक आपल्या परिसरातील माल विकत घेतात. सगळ्यांनीच गळती बंद केली तर कोणाचीच विक्री होणार नाही. १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने आयातकर वाढवले, त्याला इतर देशांनी तसेच उत्तर दिले आणि आधीच मंदीत सापडलेला जगाचा व्यापार आणखी आकसला, हा इतिहास विसरता येणार नाही.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. स्थानिक खरेदीच्या बाजूने नेहमी एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात २००२ मध्ये सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेने तो केला होता. त्यात असे आढळले की मोठ्या साखळी पुस्तकदुकानात खर्च केलेल्या १०० डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेवर १३ डॉलरचा परिणाम होतो आणि स्थानिक मालकीच्या दुकानात खर्च केला तर ४५ डॉलरचा. पण दोन्ही दुकानांतील पुस्तके बाहेरच छापलेली होती. म्हणजे तो अभ्यास दुकानाच्या मालकीविषयी आहे, वस्तू कुठे तयार झाली याविषयी नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

शिवाय आजच्या काळात वस्तू कुठे तयार झाली, हे ठरवायचे तरी कसे? २००९ मधील आयफोनच्या खर्चाची फोड एका शोधनिबंधात केलेली आहे. त्यानुसार सुमारे १७९ डॉलरच्या उत्पादनखर्चापैकी चीनमधील जुळणीचा वाटा फक्त साडेसहा डॉलर होता. बाकीचा पैसा जपान, जर्मनी, दक्षिण कोरिया, अमेरिका अशा देशांतील सुट्या भागांचा होता. तरी व्यापाराच्या आकडेवारीत ती सगळी रक्कम चीनची निर्यात म्हणून नोंदली गेली. खोक्यावर काय छापले आहे, यावरून पैसा कुणाकडे गेला हे कळत नाही.


प्रतिसाद : ताळमेळ

जमाखर्च, आपले दोन्ही आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांमुळे चर्चा पुढे सरकते, म्हणून आभार.

ऑस्टिनच्या अभ्यासाबाबत आपले म्हणणे अगदी योग्य आहे. पण त्यातून एक गोष्ट निघते, तिच्याकडे लक्ष वेधतो. माल बाहेरचा असूनही केवळ मालकी, व्यवस्थापन आणि सेवा स्थानिक असल्यामुळे तिपटीहून अधिक फरक पडला. मालसुद्धा तिथलाच असता, तर फरक आणखी वाढला असता. आयफोनचे उदाहरणही मला माझ्या बाजूचे वाटते. केवळ जुळणी आपल्याकडे आणली आणि मूल्य दुसरीकडेच राहिले, तर त्या कारखान्याला स्थानिक म्हणण्यात फारसा अर्थ नाही. किमतीतील किती वाटा परिसरात राहतो, हीच खरी कसोटी आहे. खोक्यावरचा मजकूर तिला पर्याय ठरत नाही.

रिकार्डो यांच्या सिद्धांताविषयी थोडे सविस्तर लिहितो. त्यात असे गृहीत धरलेले आहे की वस्तूच्या किमतीत तिचा सगळा खर्च आलेला आहे. प्रत्यक्षात धुराचा, सांडपाण्याचा, उपसलेल्या भूजलाचा खर्च किमतीत येत नाही, तो कोणीतरी दुसराच भरतो. शिवाय कोणते बलस्थान कुणाचे, हे निसर्गाने कायमचे ठरवून दिलेले नसते. सायकल बनवण्यात जपानला सुरुवातीला कसलेही बलस्थान नव्हते, ते करत करत निर्माण झाले. आज स्वस्त काय आहे, एवढ्यावर सगळे ठरवले तर उद्या आपल्याला काय बनवता येईल हा प्रश्न कधी विचारलाच जाणार नाही. मात्र आपण स्मूट-हॉलीचा दिलेला इशारा मला पूर्णपणे मान्य आहे. मी बंदीची किंवा आयातकराची बाजू मांडत नाही. ग्राहकाने स्वतः केलेली निवड आणि सरकारने लादलेली बंदी यांच्या परिणामांत मोठा फरक असतो.


प्रतिसाद : रानवाट

मूळ लेखात पर्यावरणाची चर्चा बहुतांशी कार्बनपुरती मर्यादित राहिली आहे, म्हणून वेगळ्या बाजूने काही भर घालतो.

दूरच्या मालाबरोबर नको असलेले जीवही येतात. रिकामे जहाज तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते आणि माल भरण्याच्या बंदरात ते सोडून देते. त्या पाण्याबरोबर लहान जलचर, त्यांची अंडी आणि अळ्या हजारो किलोमीटर प्रवास करतात. पूर्व युरोपातील झेब्रा शिंपला असाच उत्तर अमेरिकेत पोहोचला. १९८८ मध्ये तो तिथल्या महासरोवरांच्या (ग्रेट लेक्स) परिसरात पहिल्यांदा आढळला, आणि पुढे त्याने पाणीपुरवठ्याचे नळ, वीजकेंद्रांच्या जलवाहिन्या यांत थर जमवून अतोनात नुकसान केले. यावर आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये तयार झाला, पण तो अमलात यायला २०१७ साल उजाडले.

लाकडी वेष्टनाचेही तसेच आहे. ज्या लाकडी फळ्यांच्या चौकटींवर माल रचून पाठवतात, त्यांपैकी एखादी कधी जवळून पाहा. परदेशातून आलेली असेल तर तिच्या बाजूला जाळून उमटवलेला किंवा शाईचा एक शिक्का असतो. त्यात गव्हाच्या लोंबीसारखी आकृती, देशाचे सांकेतिक अक्षर, उत्पादकाचा क्रमांक आणि लाकडावर कोणती प्रक्रिया केली तिची खूण असते. ती खूण HT अशी असेल, तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानाला सलग ३० मिनिटे तापवले आहे, असे ती सांगते. लाकूड पोखरणारे किडे एका खंडातून दुसऱ्या खंडात जाऊ लागल्यामुळे २००२ मध्ये हा नियम करावा लागला. आशियातील लांब शिंगांचा भुंगेरा १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सापडला, तेव्हा त्याला थोपवण्यासाठी हजारो झाडे तोडावी लागली. हा खर्च कोणत्याच वस्तूच्या किमतीत लिहिलेला नसतो.

वेष्टन परत जाण्याचा मुद्दा लेखात एका ओळीत येऊन गेला, पण तो फार मोलाचा आहे. काचेची बाटली परत घेऊन, धुऊन, पुन्हा भरायची पद्धत जर्मनीत अजून मोठ्या प्रमाणावर टिकून आहे, आणि तिथे एक बाटली ५० वेळांपर्यंत वापरली जाते. अशा बाटलीच्या अंगावर, जिथे ती शेजारच्या बाटल्यांना घासते तिथे, पांढुरकी कडी उमटलेली दिसतात. ती जितकी ठळक, तितक्या अधिक वेळा ती बाटली फिरून आलेली असते. पण काच जड असते. भरणारा कारखाना जवळ असेल तोवर ही पद्धत पर्यावरणाच्या फायद्याची राहते, आणि रिकामी बाटली शेकडो किलोमीटर परत न्यायची वेळ आली की फायदा आटत जातो. अनेक कारखान्यांनी एकाच मापाची बाटली वापरली, तर कोणतीही बाटली सर्वांत जवळच्या कारखान्यात जाऊ शकते आणि हे अंतर कमी ठेवता येते.


प्रतिसाद : रंधा

मी लाकडी सामान बनवतो, त्यामुळे दुरुस्तीविषयी थोडे अनुभवाने लिहितो.

दूरवर पाठवायचे सामान आणि जवळ वापरायचे सामान यांची घडणच वेगळी असते. दूर जाणारे सामान सपाट खोक्यात बसले पाहिजे, हलके असले पाहिजे आणि ग्राहकाला घरी जोडता आले पाहिजे. त्यामुळे भुसा आणि डिंक दाबून केलेले तक्ते वापरले जातात. अशा तक्त्यात एकदा पिळलेला स्क्रू सैल झाला, की त्याच भोकात तो पुन्हा घट्ट बसत नाही, कारण आजूबाजूचा भुसा निघून आलेला असतो. पाणी लागले तर तक्ता फुगतो आणि मग तो रंधून सपाट करता येत नाही. सलग लाकडाची खुर्ची असेल, आणि तिचा पाय कूस-साल जोडाने, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवून जोडलेला असेल, तर तो जोड सैल झाल्यावर मी तो काढतो, जुना सरस खरवडतो, बारीक पाचर मारतो आणि नव्या सरसाने पुन्हा बसवतो. ती खुर्ची आणखी अनेक वर्षे चालते.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जवळच्या माणसाने केले म्हणजे ते टिकाऊच असेल, असे मुळीच नाही. आमच्या व्यवसायातही दाबलेले तक्ते आणून त्यांनाच वरून लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून देणारे पुष्कळ आहेत. ग्राहकाने जोड कसा केला आहे हे विचारले, लाकूड कोणते आहे हे विचारले आणि सैल झाल्यास पुन्हा आणून दिले तर काय घेणार हे आधीच ठरवले, तर काम करणाऱ्यालाही नीट काम करण्याची उमेद येते. विचारणारे कोणी नसले, की स्वस्तातल्या स्वस्ताशी स्पर्धा करावी लागते.


प्रतिसाद : दूरचा शेजारी

या चर्चेत एका माणसाची बाजू अजून आलेली नाही. दुरून येणारी वस्तू बनवणारा कामगार बहुधा आपल्यापेक्षा गरीब असतो. बांगलादेशातील लक्षावधी स्त्रियांना कपड्यांच्या निर्यातीमुळे पहिल्यांदा स्वतःची कमाई मिळाली. सगळ्यांनी जवळचेच कपडे घ्यायचे ठरवले, तर त्यांचे काय?

याच बरोबर, त्या उद्योगाची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरीही कामगारांना आत पाठवले गेले. पण त्यानंतर जे घडले तेही महत्त्वाचे आहे. दोनशेहून अधिक ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात आग व इमारत सुरक्षेचा कायदेशीर बंधन असलेला करार झाला, तपासण्या सुरू झाल्या आणि अनेक कारखाने सुधारले. हे दूरच्या ग्राहकांच्या दबावाशिवाय झाले नसते. त्यामुळे प्रदूषण किंवा अन्याय डोळ्यांसमोर असला तरच माणूस तक्रार करतो, हे धागाकर्त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही.


प्रतिसाद : ताळमेळ

दूरचा शेजारी, आपला मुद्दा मनाला भिडणारा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. दूरच्या ग्राहकाचा दबाव काम करू शकतो, हे मान्य. मात्र त्यासाठी हजाराहून अधिक माणसे मरावी लागली आणि ती बातमी जगभर जावी लागली. जवळच्या ठिकाणी भिंतीला पडलेला तडा पुरेसा ठरण्याची शक्यता अधिक असते, एवढेच मी म्हणेन. शक्यता अधिक असते, खात्री नसते. आणि स्थानिक खरेदीचा युक्तिवाद बांगलादेशातील माणसांनाही तितकाच लागू आहे. त्यांच्या देशातील कारखान्याने त्यांच्यासाठीही वस्तू बनवाव्यात, कापडासाठी लागणारी यंत्रे आणि सुटे भाग तिथे तयार व्हावेत, म्हणजे एका वस्तूच्या परदेशी मागणीवर सगळ्या कुटुंबाचे पोट अवलंबून राहणार नाही. २०२० मध्ये महासाथीच्या वेळी परदेशी ब्रँडनी तयार मालाच्या मागण्या रद्द केल्या, तेव्हा त्या अवलंबित्वाची किंमत तिथल्या कामगारांनीच मोजली.

पुरवठा तुटण्याचा मुद्दा मूळ लेखात राहून गेला होता, तो इथेच मांडतो. २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस तो मार्ग पूर्ण बंद राहिला. शेकडो जहाजे दोन्ही बाजूंना खोळंबली. एका अरुंद वाटेवर किती कारखाने विसंबून आहेत, ते त्या आठवड्यात कळले. पण याची उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. सगळे काही एकाच परिसरात तयार होत असेल आणि तिथे पूर आला, तर बाहेरचा आधार नसलेला तो परिसर अधिकच अडचणीत येईल. म्हणून जवळचे उत्पादन जिवंत ठेवावे आणि दूरचे संबंधही तोडू नयेत, असे माझे मत आहे.


प्रतिसाद : मध्यममार्ग

चर्चा उत्तम चालली आहे, पण सामान्य ग्राहकाने नेमके काय करायचे? सगळ्यांकडे महाग वस्तू घेण्याइतके पैसे नसतात, आणि प्रत्येक वस्तूच्या मागे इतका शोध घेण्याइतका वेळही नसतो. शिवाय मी जवळचाच माल घ्यायचा म्हणून मोटार काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तर त्याचा हिशेब कसा मांडायचा?


प्रतिसाद : ताळमेळ

मोटारीचा प्रश्न अगदी नेमका आहे. साधारण मोटार किलोमीटरमागे १७० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. जाऊन-येऊन २० किलोमीटर झाले, तर ३.४ किलो. त्या उलट, एक किलो वजनाची वस्तू जहाजातून १०,००० किलोमीटर आली, तर त्या टप्प्याचे उत्सर्जन १५० ग्रॅमच्या आसपास होते. म्हणजे एका छोट्या वस्तूसाठी मोटार काढली, तर समुद्रप्रवासाच्या वीसपटीहून अधिक धूर आपणच करतो. हीच वस्तू विमानाने ८,००० किलोमीटर आली असेल, तर मात्र चार किलो किंवा त्याहून अधिक. त्यामुळे ‘उद्याच घरपोच’ अशी घाई करताना ती वस्तू कशातून येणार आहे, हे पाहणे अंतर पाहण्यापेक्षाही महत्त्वाचे ठरते.

वस्तू बनवायला लागणाऱ्या विजेचे गणित तर वाहतुकीलाही मागे टाकते. एक टन ॲल्युमिनियम वितळवून वेगळे करायला सुमारे १४ ते १५ हजार युनिट वीज लागते. ती वीज कोळशावर तयार झालेली असेल तर फक्त विजेपोटीच १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि जलविद्युत असेल तर त्याचा फार थोडा अंश. हा फरक समुद्रमार्गे आणण्याच्या उत्सर्जनाच्या कितीतरी पट आहे. म्हणून विजेवर प्रचंड प्रमाणात अवलंबून असलेला कच्चा माल स्वच्छ विजेच्या प्रदेशातून आणावा आणि त्यापासून भांडी, खिडक्या, अवजारे जवळ बनवावीत, हे मला योग्य वाटते. इथे स्थानिकतेचा हट्ट धरणे पर्यावरणाला मारक ठरेल.

पैशाच्या अडचणीविषयी असे सांगेन, की सगळ्या वस्तूंचा विचार करण्याची गरज नाही. लाकडी आणि लोखंडी सामान, बांधकामाचे साहित्य, पादत्राणे, शिवलेले कपडे, पिशव्या, मातीची भांडी, छापील साहित्य, म्हणजे ज्या वस्तू जड आहेत, मोडतात, उसवतात आणि पुन्हा नीट करता येतात, त्या जवळच्या घ्याव्यात. औषधे, मोजमापाची अचूक उपकरणे, संगणकातील चिप अशा वस्तूंबाबत तसा आग्रह धरू नये, तिथे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन आणि काटेकोर तपासणी यांनाच महत्त्व आहे. आणि ज्याला नवी वस्तू महाग पडते, त्याने आहे ती वस्तू जवळच्या माणसाकडून दुरुस्त करून घेतली, तरी ती स्थानिक खरेदीच आहे. किंबहुना दुरुस्तीच्या पैशातील मजुरीचा वाटा मोठा असल्यामुळे त्यातला परिसरात राहणारा हिस्सा नव्या वस्तूपेक्षा अधिक असतो.


प्रतिसाद : जमाखर्च

दुरुस्तीचा मुद्दा मला मान्य आहे, तिथे रिकार्डोही आड येत नाहीत, कारण दुरुस्ती सहसा आयात करता येत नाही. पण घराघरांतील खरेदीने असा किती फरक पडणार? मोठी खरेदी तर शाळा, रुग्णालये, विद्यापीठे आणि नगरपालिका करतात.


प्रतिसाद : ताळमेळ

आपण म्हणता ते खरे आहे, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण इंग्लंडमधील प्रेस्टन शहराचे आहे. २०११ मध्ये तिथल्या मोठ्या व्यापारी संकुलाची योजना बारगळल्यावर नगरपरिषदेने बाहेरच्या गुंतवणुकीची वाट पाहण्याऐवजी शहरातील मोठ्या सार्वजनिक संस्था आपला पैसा कुठे खर्च करतात, याची पाहणी करवून घेतली. २०१२-१३ मध्ये या संस्थांच्या खरेदीपैकी फक्त ५ टक्के रक्कम शहरात आणि ३९ टक्के लँकेशायर परगण्यात राहत होती. २०१६-१७ पर्यंत हे प्रमाण शहरात १८.२ टक्के आणि परगण्यात ७९.२ टक्के झाले. त्यासाठी त्यांनी बाहेरच्या पुरवठादारांवर बंदी घातली नाही, युरोपीय महासंघाच्या तेव्हाच्या नियमांनुसार तशी ती घालताही आली नसती. लहान उद्योगांना भरता येतील अशा आकाराच्या निविदा त्यांनी काढल्या, त्या निघणार असल्याची माहिती आधीपासून स्थानिक व्यावसायिकांना दिली आणि निवड करताना किमतीबरोबर सामाजिक लाभालाही गुण दिले.

आपल्यापैकी अनेक जण शाळेच्या, गृहनिर्माण संस्थेच्या, ग्रंथालयाच्या किंवा कार्यालयाच्या खरेदी समितीवर असतील. तिथे हे लगेच करता येते. पुढच्या वेळी बाके, कपाटे किंवा गणवेश यांच्यासाठी दरपत्रके मागवताना एकूण मागणीचे दोन-तीन भाग करावेत, आणि किंमत, दुरुस्तीची हमी, सुटे भाग किती वर्षे मिळतील व दुरुस्ती कुठे होईल, हे चार रकाने त्यात समोरासमोर ठेवावेत. दुरुस्तीसाठी वस्तू कुठे पाठवावी लागेल, या रकान्यात दूरच्या पुरवठादाराला काय लिहावे लागते आणि जवळच्याला काय लिहिता येते, ते समितीच्या सदस्यांना स्वतःच वाचू द्यावे. ज्यांनी अशी दरपत्रके मागवली असतील, त्यांनी त्यातील अटींचा मसुदा इथे द्यावा, म्हणजे इतरांना तो वापरता येईल.